डोळा आणि नाक: पहिल्या सायनॅप्सवरच काय काय ठरतं

शरयू

नमस्कार मंडळी. मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला फिजिऑलॉजी शिकवते. दृष्टी आणि गंध हे धडे लागोपाठ येतात आणि दरवर्षी वर्गात तीच समजूत भेटते: डोळा आणि नाक नुसती माहिती गोळा करतात, खरं काम मेंदूत होतं. ही समजूत मला मनापासून खटकते. पहिल्या सायनॅप्सवर, म्हणजे एक पेशी दुसरीला पहिल्यांदा निरोप देते त्या जागीच, निम्मा निकाल लागलेला असतो. त्या जागेबद्दल लिहिते. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी डोळा. दृष्टिपटलावर मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी साधारण १२ कोटी, दिवसाच्या उजेडातल्या शंकूपेशी ६० लाखांच्या आसपास. मेंदूकडे निघणाऱ्या चेतेत तंतू मात्र १० ते १२ लाखच. म्हणजे डोळ्यातून बाहेर पडायच्या आतच प्रचंड काटछाट झालेली असते.

आता मिट्ट काळोखातली एक दंडपेशी घ्या. ती गप्प असेल असं वाटतं ना? उलट आहे. काळोखात तिच्या बाहेरच्या भागातल्या वाहिन्या (पेशीच्या पडद्यातली दारं) उघड्या असतात. सोडियम आणि थोडं कॅल्शियम आत येत राहतं, पेशीचा विद्युतदाब उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास राहतो आणि खालच्या टोकाकडून ग्लुटामेट (पुढच्या पेशीला निरोप देणारं रसायन) सतत बाहेर पडत असतं. या वाहिन्या उघड्या ठेवायचं काम सायक्लिक जीएमपी या पेशीतल्या छोट्या रेणूचं. प्रकाशाचा कण ऱ्होडॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनावर आदळला की त्यातलं वाकलेलं रेटिनल सरळ होतं, ट्रान्सड्युसिन जागं होतं, ते फॉस्फोडायएस्टरेजला कामाला लावतं, सायक्लिक जीएमपी तुटतं आणि वाहिन्या मिटतात. दाब आणखी उणे होतो, ग्लुटामेट आटतं. उजेड पडल्याची खबर म्हणजे ग्लुटामेटमधली घट!

पेशीचं हे खालचं टोक इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघण्यासारखं असतं. आत एक काळी पट्टी उभी दिसते, तिला सायनॅप्टिक रिबन म्हणतात. पट्टीच्या दोन्ही अंगांना ग्लुटामेटने भरलेल्या इवल्या पिशव्या ओळीने चिकटलेल्या असतात, प्रत्येकीचा व्यास ४० नॅनोमीटरच्या आसपास. पट्टीच्या पायथ्याशीच कॅल्शियमच्या वाहिन्या, म्हणजे कॅल्शियम आत शिरलं की खालची पिशवी फुटते आणि तिच्या जागी वरची सरकते. साधा सायनॅप्स संवेग (चेतापेशीतून धावणारा विद्युत झटका) आला की पिशव्या सोडतो आणि थांबतो. इथे मात्र थांबायचं नसतं, तासन्‌तास पुरवठा चालू ठेवायचा असतो. रिबनच्या समोर एक खळगा असतो. त्यात मधोमध बायपोलर पेशीची, म्हणजे निरोप पुढे नेणाऱ्या पेशीची, टोकं घुसलेली आणि दोन्ही कडांना हॉरिझॉन्टल पेशींची.

शंकूपेशींच्या तळाशी याच्याही पुढची गंमत आहे. एकाच शंकूपेशीचं ग्लुटामेट दोन जातींच्या बायपोलर पेशींना मिळतं. ऑफ बायपोलर पेशीवर एएमपीए आणि कायनेट जातीचे रिसेप्टर (रसायन जिथे बसतं ती प्रथिनं) असतात. ग्लुटामेट बसलं की वाहिनी थेट उघडते आणि पेशी उत्तेजित होते. ऑन बायपोलर पेशीवर एमग्लूआर६ नावाचा वेगळाच रिसेप्टर असतो. त्यावर ग्लुटामेट बसलं की आतल्या जी-प्रथिनामार्फत टीआरपीएम१ ही वाहिनी बंद होते आणि पेशी दबते. उजेड पडला, ग्लुटामेट घटलं, की ऑफ पेशी शांत होते आणि ऑन पेशी मोकळी होऊन उसळते. दोन अधिवेशनांच्या शाळेत एकच घंटा होते, सकाळची मुलं तिला सुट्टी समजतात आणि दुपारची मुलं तास सुरू झाला म्हणून आत शिरतात, तसंच हे. घंटेत सुट्टीही नाही आणि तासही नाही.

मला सांगायचंय ते एवढंच: कोणती पेशी काय सोडते, याने अर्थ ठरत नाही. ते समोरच्या पेशीच्या कोणत्या रिसेप्टरवर बसतं आणि शेजारच्या पेशी त्याला किती आवर घालतात, यावर अर्थ ठरतो.

आवर घालायचं काम डोळ्यात हॉरिझॉन्टल पेशी करतात. त्या आजूबाजूच्या पुष्कळ शंकूपेशींचा अंदाज घेतात आणि त्या सगळ्यांचंच ग्लुटामेट सोडणं आवरतात. मग सपाट पांढऱ्या भिंतीबद्दल फारसं काही पुढे जात नाही, भिंत संपून दाराची चौकट सुरू होते ती कडा मात्र ठळक जाते. शेजारची पेशी शेजारणीला दाबते हे हार्टलाइन यांनी नालखेकड्याच्या डोळ्यात दाखवलं होतं (१९६७ चं नोबेल त्यांना वॉल्ड आणि ग्रॅनिट यांच्यासोबत मिळालं). मांजराच्या दृष्टिपटलावर कुफलर यांनी १९५३ मध्ये दाखवलं की, गँग्लियन पेशीच्या (जिचा तंतू मेंदूकडे जातो ती) क्षेत्राच्या मधल्या भागात उजेड टाकला तर पेशी एक बोलते आणि भोवतीच्या कड्यात टाकला तर बरोबर उलटं.

आता नाक. गंधपेशी या खऱ्याखुऱ्या चेतापेशी आहेत. त्यांचं एक टोक नाकाच्या छताशी श्लेष्मात असतं आणि दुसरं कवटीच्या तळाच्या छिद्राछिद्रांच्या हाडातून थेट घ्राणकंदात, म्हणजे मेंदूच्या वास घेणाऱ्या पहिल्या ठाण्यात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये गंध-रिसेप्टरांच्या जनुकांचं भलंमोठं कुटुंब शोधलं, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. उंदरात अशी चालती जनुकं हजाराच्या घरात, माणसात ४०० च्या आसपास. एका गंधपेशीत रिसेप्टरचा एकच प्रकार असतो. एकाच प्रकारच्या पेशी नाकात कुठेही विखुरलेल्या असल्या, तरी उंदराच्या एका घ्राणकंदात त्या साऱ्यांचे तंतू साधारण दोनच गोलकांत जमतात. या गोलकाला ग्लोमेरुलस म्हणतात. तिथून निरोप घेते मायट्रल पेशी.

मायट्रल पेशीला आवर घालते ग्रॅन्यूल पेशी, आणि माझा सगळ्यात जास्त जीव या पेशीवर आहे. तिला ॲक्सॉनच, म्हणजे निरोप पाठवणारा लांब तंतूच, नाही! मग ती बोलते कुठून? १९६६ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये रॉल आणि शेफर्ड यांनी नोंदवलेल्या विद्युतलहरींवर गणित मांडलं. गणिताने सांगितलं की मायट्रल पेशीचं डेंड्राइट (निरोप घेणारी फांदी) ग्रॅन्यूल पेशीच्या डेंड्राइटला उत्तेजित करत असलं पाहिजे आणि तिथूनच उलट दाबलंही जात असलं पाहिजे. डेंड्राइट फक्त ऐकतं, बोलत नाही, असं तेव्हाचं पुस्तक सांगायचं. तिकडे रीस आणि ब्राइटमन यांच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या चित्रांत नेमकं तेच दिसलं. ग्रॅन्यूल पेशीचा एक बारीकसा काटा मायट्रल पेशीच्या आडव्या डेंड्राइटला टेकलाय आणि त्या एकाच काट्यावर दोन सायनॅप्स शेजारी शेजारी आहेत. एकातून मायट्रलचं ग्लुटामेट काट्यात येतं, दुसऱ्यातून काट्याचं गाबा हे दाबणारं रसायन मायट्रलवर परत जातं. जी पेशी बोलली तिलाच आवर बसतो, शिवाय त्याच ग्रॅन्यूल पेशीला जोडलेल्या शेजारणींनाही.

प्रश्न येऊ द्या.

रानवाट

शरयूताई, दोनदा वाचला लेख. एक खटकतं. काळोखात सतत ग्लुटामेट सोडत राहणं ही निव्वळ उधळपट्टी नाही का? उजेड पडला की सोडा, एवढी साधी व्यवस्था निसर्गाला का जमली नाही?

शरयू

उधळपट्टी आहे हे खरंच. दृष्टिपटल उजेडापेक्षा काळोखात जास्त ऊर्जा खातं. ही व्यवस्था अशीच का झाली, यावर उत्क्रांतीचे तर्क बरेच आहेत, त्यात पडत नाही. पण एवढ्या खर्चाच्या मोबदल्यात काय पदरात पडतं ते सांगता येईल.

हेख्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी १९४२ मध्ये दाखवलं की माणसाची एक दंडपेशी प्रकाशाच्या एका कणालाही प्रतिसाद देते. तो प्रतिसाद जेमतेम एक मिलिव्होल्टचा. आता अडचण बघा. दंडपेशींकडून निरोप घेणाऱ्या एका रॉड बायपोलर पेशीला वीसेक दंडपेशी जोडलेल्या आहेत. चांदण्या रात्री त्यातल्या एखादीवरच कण पडतो आणि बाकी साऱ्या आपापली किरकोळ कुरकुर करत असतात. सगळ्यांची नुसती बेरीज केली तर त्या एकीचा आवाज कुरकुरीत बुडून जाईल.

इथे एमग्लूआर६ कामाला येतो. काळोखात ग्लुटामेट इतकं भरपूर असतं की रिसेप्टरच्या मागची यंत्रणा पूर्ण दाबलेल्या अवस्थेत असते. ग्लुटामेट जरासं कमी-जास्त झालं तर पलीकडे काही कळतच नाही. घट चांगली ठळक झाली तरच वाहिनी उघडते. म्हणजे कुरकुर सायनॅप्सवरच अडते आणि खरा कण पुढे जातो. फील्ड आणि रीकी यांचं २००२ चं उंदरावरचं काम याच मुद्द्यावर आहे.

पूर्ण गाळणी मात्र होत नाही. ऱ्होडॉप्सिनचा रेणू उजेडाशिवाय नुसत्या उष्णतेनेही कधीतरी उलटतो, माकडाच्या एका दंडपेशीत साधारण १६० सेकंदांतून एकदा. त्या खोट्या कणाचा आवाज खऱ्यासारखाच असतो, तो कोणताच सायनॅप्स ओळखू शकत नाही.

अबोली

आमच्या घरातला विषय निघाला म्हणून लिहितेय. भाचा दहा वर्षांचा आहे. लहानपणापासून संध्याकाळ झाली की ठेचकाळतो, दिवसा शाळेत काही त्रास नाही. चष्म्याचा नंबर उणे आणि बराच मोठा. रातांधळेपणा म्हणून अ जीवनसत्त्वाचे डोस झाले, गाजर-पालक-शेवग्याचा पाला झाला, फरक शून्य. आता मोठ्या शहरात नेऊन ईआरजी करायला सांगितलंय. काय असतं ते? मुलाला दुखतं का?

शरयू

अबोली, रिपोर्ट न बघता निदान करणार नाही, ते तुमचे डॉक्टर करतील. ईआरजी म्हणजे उजेडाला डोळा जो विद्युत प्रतिसाद देतो त्याची नोंद. ती कशी करतात ते सांगते, म्हणजे भाच्याची तयारी करून घेता येईल.

आधी थेंब घालून बाहुल्या मोठ्या करतात आणि किमान वीस मिनिटं पूर्ण काळोखात बसवतात. मुलं इथेच कंटाळतात, गोष्टी सांगायला सोबत कुणीतरी असू द्या. मग मंद तांबड्या दिव्यात बुबुळावर किंवा पापणीच्या कडेला बारीक इलेक्ट्रोड लावतात. बुबुळावर लावायचा असेल तर बधिर करणारा थेंब आधी घालतात. मग उजेडाचे क्षणिक झोत. दुखत नाही, थोडं चुरचुरतं.

कागदावर दोन लाटा येतात. खाली जाणारी ए-लाट दंडपेशी आणि शंकूपेशींची, तिच्यामागून वर उसळणारी बी-लाट मुख्यतः ऑन बायपोलर पेशींची. रातांधळेपणाचा जन्मजात, न वाढणारा एक प्रकार असतो. त्यात काळोखातल्या प्रखर झोताला ए-लाट व्यवस्थित येते आणि बी-लाट जवळजवळ उठतच नाही. म्हणजे दंडपेशी ठणठणीत आहेत, कण टिपताहेत, ग्लुटामेटही कमी करताहेत, पण पलीकडे ते ऐकणारं कुणी नाही. एमग्लूआर६ किंवा टीआरपीएम१ यांच्या जनुकात, किंवा या दोघांना जागेवर बसवणाऱ्या निक्टॅलोपिन या प्रथिनात बिघाड असतो. शेवटचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तो प्रकार बहुतेक मुलग्यांत दिसतो. उणे नंबर मोठा असणं हेही यात नेहमीचंच.

अ जीवनसत्त्वाने रेटिनल बनतं. ते कमी पडलं तर दंडपेशीच आंधळी होते, तेव्हा डोस दिला की फरक दिसतो. बिघाड पुढच्या सायनॅप्सवर असेल तर गाजर काय करणार? याउलट रेटिनायटिस पिगमेंटोझा हा दृष्टिपटलाचा आजार वर्षानुवर्षं वाढत जातो. म्हणून कोणता प्रकार आहे हे कळणं फार मोलाचं आहे. चाचणी टाळू नका.

रानवाट

मधेच विचारतो. ऑन बायपोलर पेशी ऐकत नसतील तर दिवसा तरी कसं दिसतं? तिथेही ऑन पेशी लागतातच की.

शरयू

नेमका प्रश्न. दिवसा शंकूपेशींकडे दोन वाटा असतात, ऑन आणि ऑफ. ऑन बंद पडली तरी ऑफ चालू राहते. दंडपेशींच्या मुख्य वाटेवर मात्र एकाच जातीची बायपोलर पेशी आहे आणि ती ऑन आहे. ती गँग्लियन पेशीला थेट जोडलेलीही नसते. मधे एटू ॲमॅक्राइन नावाची पेशी लागते. ती एका हाताने शंकूंच्या ऑन वाटेला थेट विद्युतजोडाने चालना देते आणि दुसऱ्या हाताने ग्लायसिन सोडून ऑफ वाटेला दाबते. रात्रीची सारी वाहतूक त्या एका एमग्लूआर६ वरून जाते. तो पूल गेला की रात्र गेली.

प्रयोगही आहे. एपीबी नावाचं रसायन एमग्लूआर६ ला ग्लुटामेटचा भास करून देतं, त्यामुळे ऑन वाट मुकी होते. ऐंशीच्या दशकात शिलर यांच्या गटाने ते माकडांच्या डोळ्यात घालून पाहिलं. माकडांना पार्श्वभूमीपेक्षा गडद ठिपका पूर्वीसारखा दिसे, उजळ ठिपका शोधायला मात्र त्यांना फार कष्ट पडत.

अबोली

मनापासून आभार ताई. चाचणीची तारीख घेतली. "दंडपेशी ठणठणीत असतात" हे वाक्य बहिणीला वाचून दाखवलं, पहिल्यांदाच काहीतरी समजल्यासारखं वाटलं तिला.

खारवारा

आता जरा नाकाकडे वळा! मी रत्नागिरीचा. मिरकरवाडा बंदरावर पाहुण्यांना नेलं की ते नाकाला रुमाल लावतात, आणि मला सुकी मासळी शेजारी असली तरी वास जाणवत नाही. पण तिथेच कुणी डिझेल सांडलं तर मला लगेच कळतं. म्हणजे नाक बंद पडलेलं नाही. मग मासळीचाच वास कुठे जातो?

शरयू

दोन ठिकाणी अडतो. पहिलं गंधपेशीतच. वास लागला की सायक्लिक एएमपी वाढतं, वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत येतं. तेच कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला धरून त्या वाहिन्यांना मंद करतं. काही सेकंदांचं काम.

दुसरं ठिकाण मला जास्त आवडतं. मायट्रल पेशींचे तंतू पुढे पिरिफॉर्म कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या गंध ओळखणाऱ्या भागात, जातात, थॅलॅमस या मधल्या ठाण्याला वळसा घालून. डोळ्याला ही सवलत नाही. डोनाल्ड विल्सन यांच्या गटाने उंदरांत पाहिलं की तोच वास चालू राहिला तर घ्राणकंदातल्या मायट्रल पेशी बऱ्याच अंशी बोलत राहतात, पण पिरिफॉर्ममधल्या पेशी थोड्याच वेळात गप्प होतात. अडवणूक होते ती या दोघींमधल्या सायनॅप्सवर. तंतूच्या टोकावरच ग्लुटामेटचे वेगळे रिसेप्टर असतात. आपणच सोडलेलं ग्लुटामेट त्यांच्यावर बसलं की टोक पुढचं सोडणं कमी करतं. मासळीवर बोलणारे सायनॅप्स थकतात, डिझेलचे ताजेच असतात. तुम्हाला मासळीचा वास येत नाही याचं कारण तो पार्श्वभूमीत जमा झालाय, आणि म्हणूनच डिझेल एवढं उठून दिसतं.

कायम बंदरावर राहणाऱ्याची महिनोन्‌महिन्यांची सवय हा याहून मोठा विषय आहे, त्यात लक्ष आणि आठवणही येतात.

टेकडीवरचा

माणसाला एक लाख कोटी वास ओळखता येतात असं वाचलं होतं. ४०० रिसेप्टरांवर एवढं जमतं?

शरयू

तो २०१४ चा दावा. आकडा प्रत्यक्ष मोजलेला नव्हता. मिश्रणांवरच्या थोड्या चाचण्यांवरून गणिताने ताणलेला होता. पुढच्याच वर्षी इतरांनी दाखवलं की गृहीतकं जराशी हलवली की आकडा कोसळतो किंवा आकाशाला भिडतो. मी वर्गात तो सांगत नाही. ४०० रिसेप्टरांच्या जोड्या-जुळण्यांतून अफाट वास वेगळे पडू शकतात, एवढं मात्र निर्विवाद.

निळावंती

मी माशीच्या गंधसंस्थेवर पीएचडी करतेय, म्हणून दोन गोष्टी जोडते.

पहिली आपल्या मुंबईची. ओबेद सिद्दिकी १९६२ मध्ये कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आले आणि तिथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. त्यांच्याकडे केनियात जन्मलेल्या वेरोनिका रॉड्रिग्ज पीएचडीला आल्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटी या दोघांनी वास न ओळखणाऱ्या फळमाश्या निवडून काढल्या. एकेका जनुकाच्या बिघाडाने कोणता वास हरवतो, हे पाहणारं ते जगातल्या सुरुवातीच्या कामांपैकी होतं. १९८८ मध्ये रॉड्रिग्ज यांनी दाखवलं की वेगवेगळ्या वासांनी माशीच्या मेंदूतले वेगवेगळे ग्लोमेरुलस जागे होतात. बक आणि ॲक्सेल यांच्या शोधाआधी तीन वर्षं! रॉड्रिग्ज २०१० मध्ये गेल्या. कुलाब्यातल्या या कामाची आठवण मराठीत फारशी कुणी काढत नाही, याची मला खंत आहे.

दुसरी गोष्ट ग्रॅन्यूल पेशींची. शरयूताईंनी लिहिलेल्या त्या काट्याचा वागण्याशी संबंध आहे का, हे निक्सन अब्राहम आणि सहकाऱ्यांनी उंदरांत तपासलं, २०१० मध्ये. ते तेव्हा जर्मनीत होते, पुढे पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत आले. ग्रॅन्यूल पेशीतले ग्लुटामेटचे रिसेप्टर असे बदलले की मायट्रल पेशींना जास्त आवर बसेल. असे उंदीर एकमेकांसारखी दोन मिश्रणं लवकर ओळखू लागले. आवर कमी केला तेव्हा त्यांना जास्त वेळ लागला. साध्या, सहज वेगळ्या वासांत मात्र काही फरक नाही. म्हणजे दाबणं हे ओळखण्याच्या आड येत नाही, त्याने ओळख नेमकी होते.

शरयू

निळावंती, हे फार छान जोडलंत. माशीत आवर कसा बसतो, तेही लिहा ना.

निळावंती

माशीत तो आणखी आधी बसतो. गंधपेशीच्या तंतूच्या टोकावरच. मधल्या पेशी तिथे गाबा सोडतात आणि टोकाचं निरोप सोडणंच कमी करतात. मूळ सायनॅप्स भलता जोरकस आहे, एका संवेगाला ढीगभर पिशव्या फुटतात, त्यामुळे पिकलेल्या केळ्याचा मंदसा वाससुद्धा पुढे पोचतो. वास तीव्र झाला की एक तर पिशव्या पटापट संपतात, शिवाय एकूण गलबला जितका मोठा तितका गाबाचा आवर जास्त. म्हणून मंद आणि तीव्र दोन्ही वासांत माशीला केळं हे केळंच वाटतं.

अनुजा_ठाणे

उशिरा आले धाग्यावर. मला कोविडमध्ये वास गेला, काही महिन्यांनी परत आला तो विचित्रच. जिऱ्याची फोडणी दिली की रबर जळल्यासारखं वाटायचं. आता बरंच सुधारलंय, कॉफी मात्र अजून नकोशी वाटते. यात सायनॅप्सचा काही भाग आहे का?

शरयू

आहे असं मानायला चांगली कारणं आहेत. विषाणूला शिरायला लागणारा एसीई२ हा रिसेप्टर गंधपेशींवर जवळजवळ नसतो, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर असतो, हे २०२० मध्येच स्पष्ट झालं. आधार कोसळला की गंधपेशींचं काम थांबतं आणि कित्येक पेशी मरतातही. सुदैवाने या शरीरातल्या अशा मोजक्या चेतापेशी आहेत ज्या आयुष्यभर नव्याने जन्मतात. पण नव्या पेशीला हाडाच्या छिद्रातून वर जाऊन आपल्या रिसेप्टरचा ग्लोमेरुलस शोधून तिथे सायनॅप्स बांधावा लागतो. थोड्याच पेशी पोचल्या असतील किंवा काही चुकीच्या गोलकात शिरल्या असतील, तर मायट्रल पेशींना मिळणारी जुळणी अर्धवट असते. जिरं, कॉफी, भाजलेले पदार्थ, कांदा-लसूण यांबद्दल ही तक्रार सर्वांत जास्त येते, कारण फार थोड्या प्रमाणातही जोरदार लागणारे रेणू त्यांत असतात.

वासाचा सराव करून बघितलात का? जर्मनीत २००९ मध्ये सुचवलेली पद्धत आहे: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा वेळ लक्षपूर्वक हुंगायचे, किमान बारा आठवडे. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, पण धोका काही नाही. लवंग आणि लिंबू घरात असतंच.

अनुजा_ठाणे

निलगिरीचं तेलही आहे घरात. गुलाबाचं अत्तर तेवढं आणते आणि सुरू करते. तीन महिन्यांनी इथेच लिहीन.

अबोली

भाच्याची ईआरजी झाली. ए-लाट आहे, बी-लाट जवळजवळ नाही. डॉक्टरांनी जन्मजात, न वाढणारा प्रकार असल्याचं सांगितलंय आणि जनुकीय तपासणी लिहून दिलीय. संध्याकाळनंतर त्याच्यासाठी जिन्यात आणि अंगणात दिवे लावून घेतोय.